तीन गाड्या आणि एक अमावास्या

मंगळवार, १ जुलै २०२५

आजपासून मी गॅरेजात बसायला लागले. घरी बसून फोनवर कुडाळच्या बहिणीची रडगाणी ऐकण्यापेक्षा हे बरं. ह्यांनी विचारलं, "तिथे बसून करशील काय?" मी म्हटलं, "तुम्ही करता तेच. गिऱ्हाइकाची वाट बघीन."

बोलून गेले आणि मग माझं मलाच वाईट वाटलं. जपानी गाड्यांच्या कंपनीत गजेंद्र परुळेकर म्हटलं की लोक उठून उभे राहायचे. फोरमन होते. मागच्या वर्षी त्यांच्या जागी इथला ओमानी मुलगा आला. त्याचा देश, त्याची नोकरी, त्याला कोण नाही म्हणणार? पण ह्यांनी हात जोडून बसायचं का? अर्बाब, म्हणजे इथला मालक, खलफान ह्याच्या लायसनवर मस्कतच्या वादी कबीरला गॅरेज काढलं, तेही फक्त अमेरिकन गाड्यांचं. म्हणाले, जपानी गाड्यांची गॅरेजं पावलापावलावर आहेत, अमेरिकन गाडीवाला मात्र चांगल्या मेकॅनिकसाठी वणवण फिरतो. फिरत असेल. आमच्या दारात अजून फिरकलेला नाही. कामाला हे एकटे, आणि शुक्रवारी जुन्या कंपनीतला शांताराम मदतीला येतो, तोही ह्यांच्यावरच्या मायेपोटी.

अर्बाब भला माणूस आहे, पण रिकामं दुकान किती दिवस सांभाळणार? दिवाळीपर्यंत काम उभं राहिलं नाही तर जागा टायरवाल्याला देणार म्हणाला. म्हणजे आमचा व्हिसा खलास. आमची रेवा बारावीला आहे. अर्ध्या वर्षात तिला उचलून कुडाळला कुठल्या कॉलेजात घालायची? मला रात्रीचा डोळ्याला डोळा लागत नाही. हे मात्र घोरतात.

शनिवार, ५ जुलै

गिऱ्हाईक आलं! खरं म्हणजे गिऱ्हाईक नाही, भांडण आलं.

सईद नावाचा बलुची ओमानी मुलगा, निळी मस्टँग घेऊन. मस्कतमधल्या अमेरिकन गाड्यांच्या हौशी लोकांचा तो म्होरक्या. हिंदी आपल्यापेक्षा फर्डी बोलतो. त्यांच्यात म्हणे रोज वाद चालतो, मस्टँग भारी, कॅमारो भारी की चॅलेंजर भारी. बनावट कोणाची चांगली, भरवशाची कुठली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. मैत्र्या तुटायची वेळ आली, तेव्हा त्यांनी ठरवलं की कोणाच्याच बाजूचा नसलेला एक मेकॅनिक गाठायचा. तीन गाड्या त्याच्या ताब्यात द्यायच्या, हजार किलोमीटरवरच्या सलालाहपर्यंत पळवायच्या आणि तो सांगेल ते ऐकायचं.

"उस्ताद, जो सच बोलेगा, हमारा सब गाड़ी उसके पास आएगा. जो झूठ बोलेगा, उसका नाम भी सबको बताएगा," सईद म्हणाला.

हे म्हणाले, "इन्शाल्ला." मी आत जाऊन चहा टाकला.

बुधवार, ९ जुलै

तिन्ही गाड्या आल्या. मस्टँग सईदची. पिवळी कॅमारो हुसेनभाईंची. हे रत्नागिरीकडचे, मत्र्याला मसाल्याचा व्यापार, बोलायला लागले की आपल्या गावच्या आठवडी बाजारात उभं राहिल्यासारखं वाटतं. काळी चॅलेंजर रमणची. तो कोइमतूरचा, ऑफिसात हिशेब बघतो, बायकोमुलं तिकडे. मला अक्का म्हणतो. त्याच्या गाडीवर धुळीचा कण नसतो आणि त्याच्या शर्टाला दोन बटणं नसतात.

ह्यांनी सगळ्या गाड्या उचलून खालून बघितल्या, यंत्र लावून बघितल्या. मी माझ्या पद्धतीने बघितल्या. दार लावताना आवाज कसा येतो, उन्हात उभी असताना सीट किती भाजते, मागे पोळी-भाजीचा डबा ठेवून वळण घेतलं तर डबा कुठे जातो. रेवा म्हणाली, "मम्मी, हे टेस्टिंग नसते." मी म्हटलं, गाडीत माणसं बसतात गं, यंत्रं नाही बसत.

तर माझं मत असं. मस्टँगचं काम रेखीव, रंग एकसारखा, बसलं की आपण आपोआप ताठ बसतो. कॅमारो वळायला चपळ, रस्त्याला घट्ट धरून चालते, पण खिडक्या एवढ्याशा की मला वाटलं पडदानशीन झाले. हुसेनभाईंना तसं सांगितलं तर म्हणाले, "वैनी, बाहेर बघण्यासारखा काय असता मस्कतात? डोंगर आनि डोंगर." चॅलेंजर ऐसपैस. मागच्या सीटवर मी साडी नेसून बसले आणि साडीची घडी मोडली नाही. हे हसले, पण लिहून घेतलं.

मंगळवार, १५ जुलै

आज भरदुपारी तिन्ही गाड्या वादी अदाईहून अमेरातच्या चढावर नेल्या. एसी पूर्ण चालू ठेवून, वर-खाली, वर-खाली. अंगाची लाही होत होती. तिघींपैकी एकही तापली नाही. हे खूष.

मी दुसरंच काम करत होते. मुलीसाठी स्थळ बघताना आपण मुलाला कुठे फार विचारतो? शेजारी, मामा, दूधवाला, सगळ्यांना विचारतो. तसंच मी मालकांना चहा देऊन विचारलं. गाडी उभी कुठे असते? धुतं कोण? रागावलात की जोरात हाणता का? पाणी कोण बघतं? माणसं गाडीबद्दल कधी खरं बोलत नाहीत, पण स्वतःबद्दल विचारलं की सगळं सांगतात. हुसेनभाईंनी कबूल केलं की आधी त्यांची गाडी महिना-महिना नुसती झाकून ठेवलेली असायची आणि त्यामुळेच बॅटरी बसली होती. सईदची दोन वर्षं तेल वेळेवर बदललेलं नव्हतं. ते मी ह्यांना सांगितलं तर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "हे मला कोणी सांगितलं नाही." सांगणार कसं? तुम्ही त्यांच्याशी बोलायच्या आधीच गाडीखाली शिरता.

खाली अजून एक गोष्ट लिहून ठेवते. गाड्या आमच्या हवेसाठी बनवून आल्यात की थेट अमेरिकेतून फिरतफिरत आल्यात, हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं असं हे म्हणतात. ह्या तिन्ही गल्फसाठी बनवलेल्या. दोघींचं तर उत्पादनच बंद झालं, तेव्हा आहेत त्याच जपायच्या.

रविवार, २० जुलै

सलालाहला जायचा दिवस ठरला. गुरुवार, चोवीस. मी कालनिर्णय बघितलं आणि कपाळावर हात मारला. अमावास्या.

ह्यांना म्हटलं एक दिवस पुढे ढकला. हे म्हणाले, "सईदची सुट्टी गुरुवारची आहे. त्याला काय सांगू, आमच्या घरी चंद्र दिसत नाही?" रेवाही हसली. बापलेकीचं एक आहे, मला मूर्खात काढायचं.

मी अंधश्रद्धाळू नाही. पण सगळं आयुष्य ज्याच्यावर लावलंय ते काम अमावास्येला कोण काढतं? बरं, मी आणि रेवा बसणार चॅलेंजरमध्ये, कारण मागे बसण्यासारखी तीच. सईदच्या गाडीच्या काचेवर माशाल्ला आहे. हुसेनभाईंच्या गाडीत बिस्मिल्ला आहे. रमणच्या गाडीला कोण आहे? बायको तिकडे. त्या गाडीचं बघायला आता मीच.

बुधवार, २३ जुलै

झालं माझं काम. आता अमावास्या येऊ दे नाहीतर ग्रहण येऊ दे.

सकाळी रमणला दार्सैतच्या कृष्णमंदिरात बोलावलं, गाडी घेऊन. भटजींनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, बॉनेट उघडून इंजिनाला कुंकू लावलं. रमणच्या डोळ्यांत पाणी आलं. मग भटजींनी मला देवाच्या अंगावरचा केशरी शेला दिला, जाडजूड, जरीचा.

आता अडचण अशी की गाडीला काही लटकवायचं नाही हा ह्यांचा कडक नियम. आमच्या जुन्या गाडीवरचं लिंबू-मिरचीसुद्धा काढायला लावलं होतं. म्हणून मी डोकं चालवलं. रमण प्रदक्षिणा घालत होता, बॉनेट उघडंच होतं. पुढच्या जाळीच्या मागे, त्या लोखंडी पट्ट्यापट्ट्यांच्या डब्यासमोर बरोबर जागा होती. शेला घडी मोडून चांगला आडवा पसरला, सगळ्या गाडीला आशीर्वाद लागायला हवा ना, आणि चारी टोकांना पक्क्या गाठी मारल्या. बॉनेट लावलं की बाहेरून कोणाला कळणारसुद्धा नाही. कितीही वारा लागू दे, हलायचा नाही.

ह्यांनी तिन्ही गाड्या परवाच तपासून ठेवल्यात, त्यामुळे आता कोणी उघडून बघायचा प्रश्न नाही. आज किती दिवसांनी शांत झोप लागेल.

गुरुवार, २४ जुलै, सलालाह

काय दिवस गेला. क्रमाने लिहिते.

पहाटे अंधारात निघालो. पुढे सईदची मस्टँग, मध्ये हुसेनभाईंची कॅमारो, तिच्यात हे, आणि मागे आम्ही. रेवा व्हिडिओ काढत होती. निझवापर्यंत छान. अदम मागे पडलं, ऊन चढलं, दोन्ही बाजूंना नुसतं सपाट वाळवंट, आणि रमण सारखा समोरच्या तापमानाच्या काट्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "अक्का, हीट होता है." काटा वर चढत होता. एसी बंद केला, काचा खाली केल्या, तरी काटा चढतोच आहे.

पुढच्या पेट्रोल पंपावर सगळ्या गाड्या थांबल्या. सईद उतरला तो हसतच. "खलास. चॅलेंजर खलास. उस्ताद, लिखो." हुसेनभाईंनीही जीभ मोकळी सोडली, "मिया आधीच बोललो व्हतो, आकारान मोठी म्हणून काय झाला?" रमण बॉनेटवर हात ठेवून उभा, हात भाजत होता तरी काढत नव्हता. माझा त्याच्यासाठी इतका जीव तुटला. आणि आमचं काय? अमेरातच्या चढावर हे सगळ्यांसमोर म्हणाले होते की ही गाडी तापणार नाही. आता ह्यांचं नाव जाणार, गॅरेज जाणार, रेवाची बारावी जाणार.

मी मनात म्हटलं, बरं झालं शेला बांधला. नाहीतर ह्या अमावास्येने गाडी पेटवलीच असती.

हे शांत होते. सगळ्यांना म्हणाले, थंड होऊ द्या, सावलीत बसा. बऱ्याच वेळाने बॉनेट उघडलं आणि आत वाकले. वाकले ते तसेच राहिले. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मला वाटलं आता रडतात की काय. मी जवळ जायला लागले तर म्हणाले, "मंगल, तू दुकानातून सगळ्यांना लबान घेऊन ये. थंडगार बघून आण. घाई करू नकोस."

ताकाच्या बाटल्या घेऊन परत आले तर बॉनेट बंद. ह्यांनी शर्ट पँटीतून बाहेर काढला होता आणि पोट एकदम सुटल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, वारा धरला का? म्हणाले, "हो, जरा गच्च वाटतंय." रेवा फोन हातात घेऊन गाडीच्या मागे उभी, तोंड दाबून. तिला म्हटलं, बापाच्या पोटात दुखतंय आणि तू हसतेस?

"काय झालं होतं?" सईदने विचारलं.

"कुछ नहीं. सामने कचरा फँस गया था. चलो, यल्ला."

आणि मग ती गाडी अशी पळाली की काय सांगू. एसी पूर्ण, काटा जागच्या जागी. हैमाला सईद म्हणाला थांबायचं का, तर रमण म्हणाला, "नो नीड." थुमरैतनंतर डोंगर उतरताना सलालाहचं पावसाळी धुकं लागलं, अंगावर काटा आला, काच खाली केली तर गारवा. खाली नारळाच्या बागा दिसल्या आणि मला एकदम कुडाळ दिसलं. मी रडले. रमणही रडला, पण तो गाडीसाठी. तिन्ही गाड्या ओळीने उभ्या राहिल्या, एकीचाही धोक्याचा दिवा लागलेला नाही. हुसेनभाईंनी सगळ्यांना मासे खिलवले, उद्यापासून श्रावण म्हणून मी दोनदा घेतले.

शुक्रवार, २५ जुलै, सलालाह

सकाळी हळूच रमणला बॉनेट उघडायला लावलं, धुळीचं निमित्त सांगून. शेला नाही. गाठीसकट नाही. वाळवंटातल्या वाऱ्याने नेला असणार. बरोबरच आहे, त्याने अमावास्या अंगावर घेतली आणि काम झालं तसा गेला. कोणाला सांगितलं नाही. ह्या लोकांना सांगून काय उपयोग?

सोमवार, २८ जुलै

मस्कतला परतलो. येतानाही तिन्ही गाड्या ठणठणीत.

रेवाने व्हिडिओ जोडून दाखवला. छान केलाय, पण पेट्रोल पंपावरचं मधलं सगळं गाळलंय. मी विचारलं तर म्हणाली, "मम्मी, तो पार्ट ना, शेकी झाला. डिलीट." मग खोलीत जाऊन किती वेळ हसत होती. ह्या मुलीचं काही कळत नाही.

हे दोन दिवस कागदावर काहीतरी लिहितात आणि खोडतात. मी म्हटलं, एवढं काय अवघड आहे, तापली होती, निस्तरली, पोचली. म्हणाले, "तापली का, हे सांगावं लागेल. त्यांना खरं पाहिजे." मग सांगा ना, म्हटलं. तर माझ्याकडे बघून म्हणाले, "बघू."

शुक्रवार, १ ऑगस्ट

आज निकाल. गॅरेज माणसांनी भरलं होतं. मी खजूर, काहवा म्हणजे इथली कॉफी, आणि आपले तिखट शंकरपाळे ठेवले. अर्बाब खलफान स्वतः खुर्चीवर येऊन बसला. मागे दारात टायरवालाही उभा, निर्लज्ज.

हे उभे राहिले. हिंदीतच बोलले. "काम सबसे साफ मस्टँग का. मोड़ पर और ब्रेक में कॅमारो. लंबे रास्ते पर बैठने का आराम चॅलेंजर में, ये मेरा घरवाली बोला, और वो सही बोला." सगळे माझ्याकडे बघून हसले. मला कुठे तोंड लपवू असं झालं. मग म्हणाले, भरवशाचं विचाराल तर ह्या तिघींत जो फरक आहे, त्याहून मोठा फरक मालकामालकांत आहे. ज्याने वेळेवर तेल बदललं, पाणी बघितलं, गाडी चालती ठेवली, त्याची गाडी पोचणार. मग मी चहा देऊन काढलेली सगळी माहिती त्यांनी एकेक करून सांगितली. हुसेनभाई आणि सईद माना खाली घालून ऐकत होते.

एक पांढऱ्या दाढीवाला म्हातारा उठला. "लेकिन चॅलेंजर गरम हुआ. सबने देखा. क्यों हुआ?"

रमणने डोळे मिटून घेतले.

हे म्हणाले, "गाड़ी का गलती नहीं. रेडिएटर के सामने कपड़ा रह गया था. हमारे यहाँ से. गैरेज का गलती, मतलब मेरा गलती. रमणभाई, माफ़ करना."

माझ्या हातातली काहव्याची किटली कलंडली. ज्या माणसाने आयुष्यात गाडीत साधा स्क्रू विसरलेला नाही, तो पुसायचं फडकं विसरेल? आणि विसरला तरी आज, ह्या सगळ्यांसमोर, टायरवाल्यासमोर बोलायची काय गरज होती? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मला वाटलं संपलं. मी मनातल्या मनात रेवाची पुस्तकं खोक्यात भरायला घेतली.

म्हातारा चालत ह्यांच्याजवळ आला. मग अरबीत सईदला काहीतरी म्हणाला. सईदने आम्हाला सांगितलं, "चचा बोलता है, मैं चालीस साल से गैरेज में जाता हूँ. गाड़ी का गलती सब बताया, पार्ट का गलती बताया, मेरा गलती भी बताया. मेरा गलती है, ऐसा बोलने वाला उस्ताद आज पहला देखा." आणि म्हाताऱ्याने खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढून ह्यांच्या हातात ठेवली. त्याच्यामागून दुसऱ्याने. मग रांगच लागली. रमणने तर ह्यांना मिठी मारली. अर्बाब उठला, दाराकडे गेला आणि टायरवाल्याला म्हणाला, "खलास, दोस्त. दुसरी जागा बघ."

आम्ही जिंकलो. मी सरळ लिहिते, आम्ही जिंकलो. रेवा इथेच बारावी करणार. शांताराम नाचला. मी हुसेनभाईंना श्रावण असूनही त्यांच्या घरचं काहीही खायला येईन म्हणून सांगितलं, मग पटकन शुद्धीवर आले.

शनिवार, २ ऑगस्ट

गाड्या गल्लीच्या तोंडापर्यंत उभ्या. जेवायलासुद्धा उसंत नाही. आज मी मालकांच्या चौकशीसाठी वेगळी खुर्ची मांडली, तर ह्यांनी तिच्यावर स्वतः पंखा लावून दिला.

पण माझ्या मनातून ते फडकं जाईना. संध्याकाळी जेवताना विषय काढलाच. म्हटलं, "खरं सांगा. तुम्ही विसरला नाहीत. दुसऱ्या कोणीतरी घोळ घातला आणि तुम्ही स्वतःवर घेतलं."

हे भात कालवत राहिले. म्हणाले, "हेतू वाईट नव्हता गं."

"म्हणजे माणूस आहे. कोण आहे?"

"जाऊ दे. चांगलं माणूस आहे."

"चांगलं? आपलं घरदार रस्त्यावर आलं असतं. असल्या माणसाला उद्याच्या उद्या काढून टाका."

हे माझ्याकडे बघून हसले. "एवढी वर्षं झाली, आता कुठे काढू? सवय झाली मला." रेवाला ठसका लागला, पाणी प्यायला उठून गेली.

म्हणजे शांतारामच. दुसरं कोण आहे इतक्या वर्षांचं? मला आधीच संशय होता, शुक्रवारी फडकी त्याच्याच खांद्यावर असतात. हे बोलणार नाहीत, पण मी बोलणार आहे. रागावणार नाही. शांतपणे समोर बसवून सांगणार आहे, की बाबा रे, तुझी चूक झाकायला हा माणूस भरल्या सभेत मान खाली घालून उभा राहिला, आपलं सगळं पणाला लावून, आणि तुझं नाव तोंडातून काढलं नाही. ह्याची जाण ठेव. माझ्यासाठी कोणी असं केलं असतं, तर मी जन्मभर विसरले नसते.